डिश बसली नाही, तरी व्हिजिटचे पैसे घेतले? ते परत कसे मागायचे

माणूस येतो, गच्चीवर चढतो, तासभर छत्री इकडे-तिकडे फिरवतो, 'इथं सिग्नलच मिळत नाही' म्हणत खाली उतरतो आणि जाताना तीनशे-चारशे रुपये मागतो. रक्कम लहान, दारात वाद नको, म्हणून बहुतेक जण पैसे देऊन मोकळे होतात आणि मग आठवडाभर धुसफुसत राहतात. हे पैसे परत मिळू शकतात. पण 'काम झालं नाही, मग पैसे कसले?' एवढ्या एका वाक्यावर भांडणारा हमखास अडकतो. समोरचा शांतपणे म्हणतो, 'मी आलो होतो की नाही?' आणि तो आलेला असतोच.

म्हणून आधी एक फोड करून घ्या. येण्याचे पैसे वेगळे, बसवण्याचे वेगळे. डिश बसली नाही तर बसवण्याचे पैसे द्यायचा प्रश्नच नाही. घेतले असतील तर ते परत मागायला फार युक्तिवाद लागत नाही. खरा वाद येण्याच्या पैशांचा असतो, आणि त्याचा निकाल दोन गोष्टींवर लागतो. काम झालं नाही तरी येण्याचे पैसे लागतील, हे बोलावण्याआधी तुम्हाला सांगितलं होतं का? आणि काम कुणामुळे अडलं? दोन्हीची उत्तरं कागदावर किंवा फोटोत असतील तर बाजू भक्कम. नुसती आठवणीत असतील तर समोरच्याचीही आठवण तितकीच ताजी असते.

आधी स्वतःची बाजू तपासा

काही वेळा पैसे खरोखरच देणं लागतं. ठरलेल्या वेळी घराला कुलूप होतं, वीज नव्हती, घरमालकाने गच्चीला भोक पाडू दिलं नाही, अपार्टमेंटच्या गच्चीची किल्ली सापडली नाही, किंवा कारागीर दुसरी जागा सुचवत असताना 'इथंच बसव' असा तुमचा हट्ट होता, तर येण्याचे पैसे मुकाट द्या. बेळगावजवळच्या खानापूर भागातल्या कौलारू घरांना आणखी एक गोष्ट लागू आहे. बोलावताना छप्पर कौलांचं आहे, पत्र्याचं आहे की स्लॅबचं, हे सांगायलाच हवं. सांगितलं नाही आणि माणूस फक्त स्लॅबचे अँकर बोल्ट घेऊन आला, तर चूक तुमची. सांगितलं होतं आणि तरीही तो शिडी, ड्रिल किंवा भिंतीचा क्लॅम्प न घेता आला, तर चूक त्याची. बोलावताना व्हॉट्सॲपवर एक ओळ टाकून ठेवा: 'कौलारू घर, भिंतीला पाइप लावावा लागेल, टीव्हीपर्यंत केबल साधारण १८ मीटर.' पुढे वाद झालाच तर हीच ओळ सगळ्यात आधी कामाला येते.

छतावर काटेरी अँटेना बसवून दूरदर्शन दिसेल असं सांगून कुणी पैसे घेतले असतील, तर तिथे जागेचा किंवा झाडाचा विषयच निघत नाही. दूरदर्शनची जमिनीवरची जुनी ॲनालॉग प्रक्षेपणं २०२२ पर्यंत जवळपास सगळी बंद झाली. जे काम होण्यासारखंच नव्हतं ते होईल असं सांगून घेतलेले पैसे पूर्ण परत मागायचे, येण्याचेसुद्धा.

माणूस गच्चीवर असतानाच करायचं काम

पुरावा त्या तासाभरातच गोळा होतो. नंतर छत्री उतरवली जाते, केबल गुंडाळली जाते आणि उरतो तो फक्त शब्दाला शब्द.

सेट टॉप बॉक्सच्या मेनूत 'सिग्नल' किंवा 'इन्स्टॉलेशन'चं पान असतं. त्यावर दोन पट्ट्या दिसतात: स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. स्ट्रेंग्थवरून केबल आणि एलएनबी (छत्रीसमोरच्या दांडीवरचा तो छोटा डबा) जिवंत आहेत एवढंच कळतं. छत्री आकाशात भलतीकडे बघत असली तरी ही पट्टी भरलेली दिसू शकते. क्वालिटी मात्र योग्य उपग्रह सापडल्याशिवाय येत नाही. माणूस 'आता नाही होत' म्हणेल त्या क्षणी या पानाचा फोटो घ्या. फोटोत दोन्ही आकडे वाचता आले पाहिजेत. त्यावरून दोष कुठे आहे ते बरंचसं कळतं.

दोन्ही शून्य असतील तर आकाशाचा संबंध नाही, बिघाड केबलच्या आसपास आहे. बहुतेक वेळा एफ-कनेक्टर (केबलच्या टोकाला बसवतात ती धातूची जोडणी) नीट बसलेला नसतो. केबलच्या जाळीचा केसाएवढा एक धागा मधल्या तांब्याच्या तारेला टेकला तरी शॉर्ट होतो. बॉक्समधून एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट जावे लागतात, ते पोहोचतच नाहीत. कनेक्टर कापून नव्याने बसवणं हे पाच मिनिटांचं काम आहे आणि ते कारागिराचंच आहे. केबल बदलली, कनेक्टर बदलला, तरी शून्यच राहिलं, तर एलएनबी किंवा बॉक्स खराब. मग जबाबदारी ज्याने तो विकला त्याची.

स्ट्रेंग्थ भरपूर आणि क्वालिटी शून्य असेल तर छत्री चुकीच्या जागी बघते आहे, किंवा मध्ये खरंच काहीतरी आडवं आलं आहे. वाद नेहमी इथेच होतो, त्याचं पुढे सविस्तर सांगितलं आहे.

क्वालिटी चांगली आहे पण चॅनेल येत नाहीत, अशी स्थिती असेल तर छत्री बसली आहे. अडचण ॲक्टिव्हेशनची, रिचार्जची किंवा चॅनेल स्कॅन करण्याची आहे. त्यासाठी 'पुन्हा यावं लागेल, पुन्हा व्हिजिट द्या' हे मान्य करू नका. ते काम फोनवरून आणि रिमोटने होतं.

क्वालिटी ये-जा करत असेल तर पाइप हलतो आहे, बोल्ट सैल आहे किंवा कनेक्टरमध्ये पाणी गेलं आहे. पाइप ओळंब्यात उभा नसेल तर छत्री फिरवताना कोन बदलत जातो आणि उपग्रह हाताला लागत नाही. भिंतीजवळ ओळंबा किंवा साधी दोरी-दगड धरून त्याचाही एक फोटो काढा. मुसळधार पावसात काही मिनिटं चित्र जातं ते मात्र यात धरू नका. तो पावसाचा परिणाम आहे, बसवण्याचा दोष नव्हे. पाऊस ओसरल्यावरही आलं नाही तर बोला.

याशिवाय आणखी तीन फोटो हवेत: छत्री जिथे उभी केली ती जागा दुरून, छत्रीच्या मागे उभं राहून ती ज्या दिशेला बघते ते आकाश, आणि केबलचं टोक जवळून. माणूस आला ती वेळ आणि गेला ती वेळ लिहून ठेवा. दहा मिनिटांत 'होत नाही' म्हणून गेलेला आणि दीड तास खटपट केलेला, यात फरक असतो आणि तो तुमच्याही बोलण्यात दिसला पाहिजे.

'झाड आडवं येतं' हे खरं की निमित्त?

नारळ, फणस, शेजाऱ्याची पाण्याची टाकी, समोरची नवी इमारत, कशाचंही नाव पुढे केलं जातं. ते पडताळणं अवघड नाही.

बेळगावहून पाहिलं तर आपल्याकडच्या डिश सेवांचे उपग्रह आग्नेयेच्या बाजूला आहेत, कुणी थोडा पूर्वेकडे, कुणी थोडा दक्षिणेकडे. दूरदर्शनची मोफत सेवा डीडी फ्री डिश ज्यावर आहे तो जीसॅट-१५ पूर्व रेखांश ९३.५ अंशांवर आहे. बेळगावात तो उत्तरेपासून उजवीकडे साधारण १२८ अंशांवर आणि क्षितिजापासून सुमारे ६१ अंश उंच दिसायला हवा. टाटा प्लेसाठी ८३ अंशांचा उपग्रह, म्हणजे दिशा साधारण १५१ आणि उंची ६९. एअरटेलसाठी १०८.२ अंशांचा, दिशा साधारण ११२ आणि उंची ४७. निपाणी, खानापूर, चिकोडीत हे आकडे फार तर एखाद्या अंशाने हलतात.

यातून पहिली गोष्ट अशी, की घराच्या उत्तरेला किंवा पश्चिमेला असलेलं झाड, टॉवर, इमारत, काहीही आडवं येऊ शकत नाही. असं कारण कुणी सांगितलं असेल तर ते लिहून घ्या, त्याच्याच विरुद्ध वापरता येईल.

दुसरी गोष्ट अंतराची. समजा, छत्रीपेक्षा ५ मीटर उंच झाड बरोबर त्या दिशेला आहे. फ्री डिशसाठी ते २.८ मीटरच्या आत असेल तरच आडवं येईल. ८३ अंशांच्या उपग्रहासाठी १.९ मीटरच्या आत, आणि १०८.२ च्या उपग्रहासाठी ४.६ मीटरच्या आत. त्यापलीकडच्या झाडावरून किरण आरामात येतो. फांद्यांचा पसारा धरून अर्धा-एक मीटर वाढवा. शंका असेल तर मोबाइलच्या कंपासने दिशा धरा, कोन मोजणाऱ्या ॲपने छत्रीच्या जागेवरून झाडाच्या शेंड्याचा कोन घ्या आणि त्या पडद्याचा फोटो ठेवा. फ्री डिशसाठी शेंडा ५० अंशांवर दिसत असेल तर झाडाचं निमित्त संपलं.

इथे डोळे फसतात, तेवढं सांभाळा. आपल्याकडच्या छोट्या छत्र्या ऑफसेट पद्धतीच्या असतात. छत्रीचं तोंड समोरच्या झाडाकडेच रोखलेलं वाटतं, पण किरण त्याहून वीसेक अंश वरून येत असतो. त्यामुळे झाड 'अगदी समोर' आहे हा काही पुरावा नव्हे. तो तुमचाही नव्हे आणि त्याचाही नव्हे. मोजलेला कोन तेवढा पुरावा.

सगळ्यात जड पुरावा मात्र दुसराच असतो: चार दिवसांनी दुसऱ्या कारागिराने त्याच जागी छत्री बसवली आणि क्वालिटी आली. त्याच्याकडून साध्या कागदावर दोन ओळी लिहून घ्या, सहीसकट: तारीख, जागा तीच, क्वालिटी इतकी. पडद्याचा फोटो जोडा. त्याने जागा बदलून, म्हणजे गच्चीच्या दुसऱ्या कोपऱ्यात बसवली असेल तर तसंच खरं लिहा. पहिल्याने दुसरा कोपरा तपासलाच नाही, हा मुद्दा तेव्हाही उरतोच.

पैसे द्यायची वेळ आली तर

आधीच दिले नसतील तर 'बिल पाठवा, मग बघतो' म्हणणं सर्वांत सोपं. दारातला माणूस अनेकदा रोजावर किंवा कामागे पैसे घेणारा असतो. त्याच्याशी आवाज चढवून काही मिळत नाही. हिशोब दुकानाशी किंवा कंपनीशी करायचा.

द्यावेच लागले तर रोख देऊ नका. यूपीआयने द्या आणि शेऱ्याच्या जागी 'व्हिजिट, डिश बसली नाही' असं टाका. व्यवहाराचा १२ आकडी क्रमांक जपून ठेवा. पावती मागा, माणूस कन्नड बोलणारा असेल तर 'बिल कोडी' एवढं पुरतं. पावतीवर दुकानाचं नाव-पत्ता, तारीख, अनुक्रमांक आणि पैसे कशाचे हे हवं. 'सर्व्हिस' असा मोघम शब्द असेल तर तिथेच 'व्हिजिट, काम अपूर्ण' असं लिहून घ्या. आणि त्याखाली तुमच्या हाताने: 'हरकत राखून पैसे दिले.' पावती द्यायला नकार दिला तर दुकानाच्या नंबरवर लगेच संदेश टाका, 'आज ११.४० ला आपल्या माणसाला ४०० रुपये दिले, पावती मिळाली नाही.' ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये पावती न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे, म्हणजे तुमच्या तक्रारीत एक कलम आयतं वाढलं.

आपल्या हाताने पाठवलेले यूपीआयचे पैसे बँक अशा वादात उलटवून देत नाही, तिथे वेळ घालवू नका. क्रेडिट कार्डाने दिले असतील तर मात्र कार्डाच्या बँकेकडे 'सेवा मिळाली नाही' म्हणून डिस्प्यूट (व्यवहारावरची हरकत) नोंदवता येतो. तो लवकर नोंदवा.

पहिलं पत्र

फोनवर एकदा बोला, पण खरी सुरुवात लेखी मागणीने होते. व्हॉट्सॲप, ईमेल, किंवा स्पीड पोस्टाने पोहोच मागवून पाठवा. राग काढू नका. पत्र एका पानात बसावं:

'दि. … रोजी सकाळी … वाजता आपला कारागीर माझ्या घरी (पत्ता) डिश बसवण्यासाठी आला. बुकिंग क्रमांक …. छप्पर कौलारू असल्याचं आधी कळवलं होतं (संदेश जोडला आहे). काम न होता तो … वाजता परत गेला. त्या वेळी क्वालिटी शून्य होती (फोटो क्र. १). झाड आडवं येत असल्याचं कारण त्याने सांगितलं, ते झाड छत्रीच्या जागेच्या पश्चिमेला आहे (फोटो क्र. २). काम न झाल्यास व्हिजिट चार्ज लागेल असं बुकिंगच्या वेळी सांगितलं नव्हतं. तरीही ४०० रुपये घेतले (यूपीआय क्रमांक …). ही रक्कम हे पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत परत करावी. न केल्यास ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार दाद मागेन.'

३० दिवस हा आकडा उगाच नाही. सदोष सेवेचे पैसे पावतीत लिहिलेल्या मुदतीत, आणि पावतीत मुदत नसेल तर ३० दिवसांत परत न करणं, हेही त्याच कायद्यात अनुचित प्रथेत मोडतं. कौलं फुटली, भिंतीला भोकं पडली असतील तर त्याची रक्कम वेगळ्या ओळीत मागा, दुरुस्तीच्या बिलासकट. ४०० च्या आकड्यात ती मिसळू नका.

दुकान, कंपनी की ॲप?

डीडी फ्री डिशला महिन्याचं भाडं नाही, ग्राहक क्रमांकही नाही. बॉक्स आणि छत्री बाजारातून घेतलेली असते, त्यामुळे तुमचा दावा थेट दुकानदारावर किंवा कारागिरावर.

पैसे भरून घेतलेली डीटीएच सेवा असेल तर आधी कंपनीच्या कस्टमर केअरला तक्रार नोंदवून तक्रार क्रमांक घ्या. क्रमांकाशिवायची तक्रार म्हणजे गप्पा. दाद लागली नाही तर त्या कंपनीचा कर्नाटकासाठीचा नोडल अधिकारी, म्हणजे कस्टमर केअरच्या वरचा तक्रारी बघणारा माणूस. त्याचा पत्ता कंपनीच्या संकेतस्थळावर असतो. मोबाइल महाराष्ट्रातला आणि घर निपाणीत असं असेल तर खात्यावरचा पत्ता कोणत्या राज्यातला आहे ते आधी बघा, नाहीतर तक्रार दोन राज्यांत फिरत राहते.

'ट्रायने (दूरसंचार आणि प्रसारणाच्या नियामकाने) ३५० रुपयेच ठरवलेत' हा डाव मात्र आता टाकू नका. २०१७ च्या नियमांत बसवण्याच्या आकाराला ३५० ची कमाल मर्यादा होती. जुलै २०२४ च्या दुरुस्तीने ती उठली आणि बसवणं, व्हिजिट, जागा बदलणं यांचे दर ठरवायला कंपन्या मोकळ्या झाल्या. मात्र हे दर जाहीर करणं आणि ग्राहकाला सांगणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. म्हणून मर्यादेवर भांडण्याऐवजी विचारा: तुमच्या जाहीर दरपत्रकात काम न झालेल्या भेटीचा दर कुठे आहे, दाखवा.

ॲपवरून किंवा ऑनलाइन दुकानातून काम बुक केलं असेल तर ॲपवरच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निवाडा अपेक्षित आहे.

नंबर शोधताना सावध राहा. शोधयंत्रावर मिळणारे 'कस्टमर केअर' क्रमांक अनेकदा भामट्यांचे असतात. बॉक्सवर, बिलावर किंवा कंपनीच्या अधिकृत ॲपमध्ये असलेलाच क्रमांक लावा. कुणी पाठवलेली ॲपची फाइल मोबाइलमध्ये घालू नका.

१९१५ आणि त्यापुढे

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. फुकट आहे, मराठीतही बोलता येतं आणि तक्रार ऑनलाइनही टाकता येते. ही हेल्पलाइन निकाल देत नाही, कंपनीकडे तक्रार पोचवून उत्तर मागते. मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत एवढ्यानेच अनेकदा पैसे परत येतात. गल्लीतल्या छोट्या दुकानावर तिचा जोर कमी पडतो.

मग उरतो बेळगावचा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. ५ लाखांपर्यंतच्या रकमेला फी नाही, वकील लागतोच असं नाही, तक्रार ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून दाखल होते आणि सुनावणी व्हिडिओवरून व्हावी असा अर्ज करता येतो. अथणीसारख्या लांबच्या तालुक्यातून येणाऱ्याने तो पहिल्याच दिवशी करावा. मुदत घटनेपासून दोन वर्षं. तक्रार कन्नड किंवा इंग्रजीत तयार करा आणि मराठी संदेश, पावत्या यांचं भाषांतर सोबत लावा. फोटो आणि चॅट जोडताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र द्यावं लागतं; ते विसरल्याने चांगले पुरावे लटकतात.

सीमेवरच्या लोकांना एक सवलत फार उपयोगी आहे. दुकान कोल्हापुरात, गडहिंग्लजला किंवा चंदगडला असलं तरी २०१९ च्या कायद्यानुसार तुम्ही जिथे राहता किंवा नोकरी-धंदा करता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. निपाणीत राहणाऱ्याला त्यासाठी कोल्हापूरचे खेटे घालावे लागत नाहीत. 'आम्ही महाराष्ट्रातले, तुमचं कर्नाटक' हे उत्तर चालत नाही. उलट दिशेलाही हेच लागू: चंदगडच्या ग्राहकाला बेळगावच्या दुकानावर कोल्हापूरच्या आयोगात जाता येतं. मात्र लॉज, हॉटेल अशा धंद्यासाठी छत्र्या बसवून घेतल्या असतील तर तुम्ही कायद्याने 'ग्राहक' ठरालच असं नाही. स्वतःच्या पोटापाण्यासाठी चालवलेला छोटा धंदा असेल तर तसं तक्रारीत स्पष्ट लिहा.

आता व्यवहाराचं बोलू. नुसत्या ४०० रुपयांसाठी आयोगात जाणं परवडत नाही. कौलं फुटली, बॉक्स जळला किंवा बसवण्याचे आगाऊ पैसेही अडकले असतील तर जावं. बाकीच्यांनी लेखी मागणी आणि १९१५ एवढ्यावर जोर द्यावा. बऱ्याचदा दुकानदार 'अर्धे परत देतो' म्हणतो. त्याने खरोखर तासभर खटपट केली असेल आणि दोष बॉक्सचा निघाला असेल, तर अर्ध्यावर मिटवणं वाईट नाही. दहा मिनिटांत निघून गेला असेल तर पूर्ण मागा.

पैसे परत घेताना क्यूआर कोड स्कॅन करायचा नसतो आणि पिनही टाकायचा नसतो. तसं कुणी सांगितलं तर फोन ठेवा. फक्त तुमचा यूपीआय आयडी द्या. रक्कम जमा झाल्यावर एकच ओळ पाठवा: 'दि. … च्या व्हिजिटचे ४०० रुपये मिळाले.' अर्धेच मिळाले असतील आणि उरलेले तुम्ही सोडले नसतील, तर त्या ओळीत 'उरलेले २०० बाकी' हेही लिहा. नाहीतर तुमचीच ओळ पूर्ण पावती म्हणून पुढे केली जाईल.